सगळ्या किल्ल्या गाडीत

तिला सगळे खटकाताई म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर एक पिवळी किल्ली रंगवली होती आणि तिच्याखाली 'सर्व प्रकारच्या' एवढेच शब्द उरले होते, पुढचे उन्हाने खाल्ले होते. खटकाताई हे नाव पडलं ते बोलण्यावरून. ती बोलायला लागली की शब्द एकामागून एक खटाखट पडत, आणि बोलणं संपलं की तोंड असं मिटे की आता हे उघडायला कारागीर बोलवावा लागेल असं वाटावं.

दुकान म्हणजे ड्रायक्लीनर आणि घड्याळवाला यांच्यामध्ये उरलेली एक फट. फटीच्या तोंडाशी फळीवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, वारा आला की आपसात कुजबुजणाऱ्या. आत किल्ली कापायचं मशीन आणि मशीनपाशी नवरा. त्याच्या भुवयांवर पितळेचा कीस कायमचा वस्तीला आलेला. कुलपं नवऱ्याकडे, गाड्या बायकोकडे, अशी वाटणी लग्नानंतर लवकरच झाली होती.

लग्नाची गोष्टही कुलपाचीच. तरुणपणी ती एकदा घराबाहेर अडकली. दार आपोआप लागलं, आत गॅसवर दूध. कुणीतरी याला बोलावून आणलं. याने तारा काढल्या, कुलपाला कान लावला, घाम पुसला, पुन्हा कान लावला. दाराखालून करपल्याचा वास यायला लागला तेव्हा तिने त्याच्या हातातली तार ओढून घेतली आणि रागाच्या भरात आत फिरवली. दार उघडलं.

"हे कसं केलंत?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत!" म्हणत ती गॅसकडे धावली. तो उंबऱ्यात तसाच उभा राहिला. तिचं म्हणणं असं, की तो अजून तिथेच उभा आहे.

पुढे रिमोटच्या किल्ल्या आल्या तेव्हा नवऱ्याने हात वर केले. "ज्याला दात नाहीत ते मला समजत नाही," तो म्हणाला. तिला तरी कुठे समजत होतं? पण तिला भीती वाटली नाही, आणि या धंद्यात तेवढं पुरतं. गाड्यांमध्ये शिरून, स्टिअरिंगखाली डोकं घालून, दोनचार लोकांच्या शिव्या खाऊन ती शिकली.

शिकता शिकता तिला गाड्यांची एक खोड कळली. विशेषतः जुन्या गाड्यांची. त्यांना नवा रिमोट शिकवायचा म्हणजे आधी त्यांना शिकण्याच्या तयारीत आणावं लागतं: दारं लावून आत बसायचं, किल्ली ठरावीक वेळा चालू-बंद करायची, मग गाडी चारी दारांचे खटके एकदम पाडून 'हं, बोला' म्हणते. पण हे म्हणताना ती मागचं सगळं पुसून टाकते. त्या बैठकीत ज्या किल्ल्या गाडीत हजर असतील आणि ज्यांचं बटण दाबलं जाईल, तेवढ्याच तिला ओळखीच्या. जी घरी खुंटीवर राहिली ती परकी झाली, मग तिने किती का वर्षं सेवा केलेली असेना. मध्येच कुणी दार उघडलं तर बैठक मोडली.

खटकाताईला ही खोड पहिल्यांदा कळली तेव्हा ती जरा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली होती. माणसांचंही असंच असतं की काय, असा काहीसा विचार तिच्या मनात येऊन गेला. मग मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला आणि तो विचार गेला.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "सगळ्या चाव्या आणल्यात? घरातल्या सगळ्या?" एक गृहस्थ हो म्हणून खोटं बोलले, आणि संध्याकाळी जिची किल्ली बंद पडली होती त्या बायकोला घेऊन परत आले. त्या संध्याकाळी ड्रायक्लीनरनेही इस्त्री उभी करून ऐकलं.

आणि तरीही तिने एकदा हा नियम स्वतःच मोडला. तो मोडायला लावला चष्म्याच्या दुकानातल्या बाईने.

ही बाई जवळच्याच रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नीटनेटकी, टापटिपीची, समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बोलताना जरा जास्तच निरखून बघणारी. तिचा रिमोट धुण्याच्या बादलीत पडून मेला होता. खटकाताईने नवा रिमोट काढला, जुन्याचं लोखंडी पातं आणि इंजिनाला ओळख पटवणारी, तांदळाच्या दाण्याएवढी चिप त्यात बसवली, आणि विचारलं, "दुसरी चावी?"

"बाबांकडे आहे."

"मग आणा. नाहीतर त्यांची बंद पडेल."

"बंद पडेल? म्हणजे कायमची?"

"परत इथे येईपर्यंत."

बाई काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाली, "मग तसंच करा ना, ताई."

"काय करा?"

"त्यांची बंद पडू दे." तिचा चेहरा पडला होता. "त्यांना दिसत नाही हो आता. आयुष्यभर बस चालवली, कुणाला ओरखडा नाही. आता घरच्याच फाटकाच्या खांबाला ठोकतात. मग शेजाऱ्यांच्या कुंड्या झाल्या. परवा भिंत झाली. उद्या माणूस आलं मध्ये तर? सांगायला गेलं की ऐकत नाहीत. आमच्याच दुकानात डोळे तपासले, तर सगळा तक्ता धडाधड वाचून दाखवला."

"मग दिसतं की!"

"पाठ केलाय त्यांनी तक्ता. मला खात्री आहे. सगळ्या रस्त्यांवरचे सगळे थांबे पाठ असलेला माणूस, त्याला तक्त्याचं काय! चावी चालली नाही की त्यांना वाटेल गाडीच बिघडली. मग हळूहळू सवय जाईल. भांडण नाही, तंटा नाही."

मशीनवर नवऱ्याची कानस थांबली.

खटकाताईला हे पटलं नव्हतं. पण 'उद्या माणूस आलं मध्ये तर' हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. ती गाडीत जाऊन बसली, दारं लावली, किल्ली चालू-बंद केली. खटके पडले. एकाच रिमोटचं बटण दाबलं. गाडीने तेवढ्यालाच ओळख दिली. बाई आभार मानून निघून गेली.

"आणि चिप?" नवऱ्याने विचारलं.

"कसली चिप?"

"म्हाताऱ्याच्या चावीतली. बटणं मेली. पण चिप जिवंत आहे. पातं घालून दार उघडलं, चिपने इंजिन सुरू झालं, की चालला म्हातारा."

खटकाताईचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. घाईघाईत, मन नसताना केलेलं काम. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. "तिने बटणांचं विचारलं," ती अखेर म्हणाली. "चिपचं विचारलंच नाही."

"वकील झाली असतीस तू," नवरा म्हणाला आणि पुन्हा कानस चालवू लागला.

दोनेक दिवसांनी, दुपारच्या आधी, तीच गाडी दुकानासमोर येऊन थांबली. थांबली म्हणजे अशी, की पुढची दोन्ही चाकं रस्त्याच्या कडेशी बोट ठेवून आखल्यासारखी सरळ. तोंड दुकानाकडे. दार उघडून एक उंच, ताठ म्हातारा उतरला, पातं घालून दार कुलूपबंद केलं, आणि हातातला रिमोट काउंटरवर ठेवला.

"पोरी, याची बॅटरी बघ जरा. बटणं चालत नाहीत. बाकी गाडी झकास आहे."

खटकाताईला कुणी पोरी म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. ती क्षणभर सुखावली आणि मग तिने गाडीकडे पाहिलं.

"काका, गाडी तुम्ही चालवत आणलीत?"

"नाही, तिने मला आणलं," म्हातारा म्हणाला. "मी नको म्हणत होतो."

मागे नवरा खोकला. त्या खोकल्यात हसू होतं.

तिने उगाचच रिमोट उघडला, बॅटरी यंत्राला लावली. बॅटरी ठणठणीत. बटण दाबलं तर यंत्राचा दिवा लागला. रिमोट ओरडून ओरडून सांगत होता, मी जिवंत आहे. ऐकणारीच बहिरी झाली होती. खोटं बोलायला एक वाक्य पुरलं असतं: गेला काका हा, आता मिळत नाही. वाक्य तिच्या जिभेवर येऊनही बसलं. पण म्हातारा काउंटरवर कोपरं टेकून इतक्या विश्वासाने बघत होता, की ते वाक्य गिळावंच लागलं.

"काका, बॅटरी चांगली आहे. रिमोट चांगला आहे. गाडी तुमची चावी विसरलीय." तिने श्वास घेतला. "विसरायला मीच लावलं."

"तू? मी तुझं काय वाकडं केलं?"

"तुमच्या लेकीने सांगितलं. तिला वाटतं तुम्हाला दिसत नाही."

म्हाताऱ्याने टांगलेल्या किल्ल्यांकडे पाहिलं. "रोज समोर बसून जेवते," तो म्हणाला. "मीठ कमी आहे हे सांगते. चावीचं नाही सांगितलं."

मग एकदम त्याचे डोळे चमकले. "म्हणजे आता फक्त माझी चावी आत नेऊन शिकवलं, तर तिची बंद पडेल?"

"पडेल."

"कर."

"अहो काका!"

"कर म्हणतो ना. तिलाही कळू दे काय वाटतं ते."

"तुम्ही बापलेक मला समजता काय?" खटकाताईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "परवा ती आली, बाबांची बंद करा. आज तुम्ही येणार, लेकीची बंद करा. उद्या ती परत. मी दुकान उघडलंय की तुमच्या घरातलं न्यायालय? एकदा चूक केली, पुरे झाली. आता दोन्ही चाव्या एकदम, दोघं एकदम. नाहीतर दुसरीकडे जा!"

"हिला एवढा राग येतो का?" म्हाताऱ्याने नवऱ्याला विचारलं.

"आज कमी आहे," नवरा म्हणाला.

फोन गेल्यावर लेक आली ती अर्ध्या वाटेत पळत आल्यासारखी, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र लटकत होतं. आधी तिने गाडी पाहिली, मग बाबांना पाहिलं, मग खटकाताईकडे असं पाहिलं की चष्म्याची काच तडकावी.

"बंद पडेल म्हणालात!"

"बटणं पडली. चिपचं तुम्ही विचारलं नाही," खटकाताई म्हणाली, आणि हे दुसऱ्यांदा बोलताना तिलाच कसंतरी वाटलं. "भांडण गाडीत. चला, आत बसा. सगळ्या चाव्या गाडीत लागतात."

म्हातारा स्टिअरिंगवर बसला, लेक शेजारी, खटकाताई मागे. तिने पुढे हात करून दोन्ही रिमोट ताब्यात घेतले. "आता दारं लावा. काम होईपर्यंत कुणी दार उघडायचं नाही. उघडलं की सगळं मुसळ केरात."

दारं लागली. काचेबाहेरचा रस्ता एकदम मूक झाला. खटकाताई दोन्ही रिमोट मांडीवर ठेवून निवांत मागे टेकून बसली आणि काहीच करेना.

"बाबा, मी तुमच्या काळजीपोटी..." लेकीने सुरुवात केली.

"काळजी तोंडाने सांगायची असते. किल्लीवालीकडून नाही."

"तोंडाने सांगितलं! तीनदा सांगितलं! तुम्हाला दिसत नाही, बाबा!"

"तक्ता वाचला की तुझ्यासमोर!"

"पाठ केला होतात!"

"पाठ केला?" म्हातारा सीटवर गर्रकन वळला. "ठीक आहे. मग समोर बघ. ड्रायक्लीनरच्या पाटीवर, खाली, अगदी कोपऱ्यात. काय लिहिलंय?"

लेकीने डोळे बारीक केले. "डाग... डाग न..."

"'डाग न गेल्यास तक्रार चालणार नाही,'" म्हाताऱ्याने वाचलं. "आणि त्याच्याखाली पेनाने कुणीतरी लिहिलंय, 'का?' तेही वाचू?"

खटकाताई पुढे वाकली. इतकी वर्षं शेजारी राहून तो 'का' तिने पाहिलाच नव्हता.

लेकीला आनंद झाला होता आणि रागही आला होता, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हते. "मग खांबाला कसे ठोकता?" ती म्हणाली. "कुंड्या कशा फोडल्यात? भिंत काय चालत आली?"

म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. तिथे धूळ नव्हती.

खटकाताईच्या डोक्यात काहीतरी सरकलं. खांब, कुंड्या, भिंत. तिने गाडीचा मागचा बंपर पाहिला होता. पुढून गाडी नव्या नवरीसारखी, सगळे ओरखडे मागे. "काका," ती म्हणाली, "हे सगळं गाडी मागे घेताना झालं ना?"

म्हाताऱ्याने मान हलवली. मग आरशातून तिच्याकडे बघत, लेकीकडे न बघता, तो बोलू लागला.

"बस मागे घ्यायची म्हणजे ड्रायव्हरचं काम नसतं ते. कंडक्टर उतरतो, मागे उभा राहतो, पत्र्यावर थापा मारत राहतो. धप, धप, धप. थापा चालू तोवर येत राहायचं. एक जोरात बसली की ब्रेक. आरशात बघायचंच नाही. आरशात बघणारा ड्रायव्हर म्हणजे कंडक्टरवर भरवसा नाही, असं मानायचे. मी जन्मात एकट्याने मागे घेतली नाही कधी."

"पण बाबा, आता मागे कोणी नसतं."

"माहीत आहे मला! डोक्याला माहीत आहे. हातापायांना कोण सांगणार? रिव्हर्स टाकला की कान मागे जातात. ती जोराची थाप येईपर्यंत पाय ब्रेकवर जातच नाही." तो थांबला. "आणि हे कुणाला सांगणार? जन्मभर ड्रायव्हर म्हणून वावरलो, आणि फाटकातून गाडी बाहेर काढता येत नाही म्हणून सांगू? त्यापेक्षा डोळे गेले म्हणालीस ते बरं. डोळे सगळ्यांचेच जातात."

मग लेकीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. खटकाताईला वाटलं रडते आहे. ती हसत होती. हसता हसता तिने चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा उलटा घातला. "म्हणजे... तुम्ही... भिंतीच्या थापेवर थांबत होता?"

"भिंतीने वेळेवर मारली नाही," म्हातारा म्हणाला आणि त्यालाही हसू फुटलं.

पण हसून झाल्यावर लेक सावरून बसली. ती चांगली लेक होती आणि चिवटही. "चावी आत्ता नाही," ती म्हणाली. "आधी माझ्यासमोर गाडी मागे घेऊन दाखवा. जमलं तर तुमची, नाही तर मी नेणार ती." आणि ती दार उघडून उतरलीसुद्धा.

"अगं, दार!" म्हातारा ओरडला. "सगळं पुसलं ना!"

"काय पुसणार?" खटकाताई म्हणाली. "अजून सुरू कुठे केलंय मी?"

म्हाताऱ्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. कौतुकाने, असं खटकाताईने नंतर नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, संशयाने असेल.

दुकानासमोर आता बघ्यांची बऱ्यापैकी सोय झाली होती. घड्याळवाला डोळ्याला भिंग तसंच ठेवून बाहेर आला. ड्रायक्लीनरने आपलं कपड्यांचं ढकलगाडं नेमकं गाडीच्या मागच्या बाजूला, रस्त्यापलीकडे, उभं केलं होतं. ते तो हलवायला निघाला, तर म्हाताऱ्याने काचेतून हात काढून थांबवलं. "राहू दे तिथेच."

खटकाताईने मागून लेकीची चावी पुढे दिली आणि म्हाताऱ्याने ती घालून इंजिन सुरू केलं. लेक गाडीमागे उभी राहिली. तिने इकडेतिकडे पाहिलं, लाजली, आणि डिकीवर बोटांच्या टोकांनी टकटक केली.

"हे काय?" म्हातारा गरजला. "पाहुणी आलीस का? हाताचा तळवा लाव! इंजिनाच्या वर ऐकू आलं पाहिजे!"

तिने तळव्याने मारली. धप. गाडी सरकली. धप, धप. गाडी तालात मागे येऊ लागली, ना घाई ना अडखळ, जणू थापेच्याच दोरीने कुणी ओढत होतं. म्हाताऱ्याची मान सरळ होती, डोळे समोर, आरशाकडे ढुंकूनही नाही. मागे, ढकलगाड्यावर टांगलेला एक पांढरा शर्ट गाडीच्या वाऱ्याने हलला. लेकीचा हात वर गेला आणि पूर्ण जोराने आदळला.

गाडी जागच्या जागी थांबली. शर्ट आणि बंपर यांच्यामध्ये ड्रायक्लीनरने हात घालून पाहिला. हात बसला, पण अंगठी अडकली असती.

"आई गं!" लेक तळवा फुंकत होती. तो लालभडक झाला होता.

"पहिल्या आठवड्यात होतं तसं," म्हातारा काच खाली करून म्हणाला. "मग घट्टे पडतात."

लेकीने मागच्या खिडकीतून खटकाताईच्या मांडीवरचा बाबांचा रिमोट उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

मग काम झालं ते नेहमीसारखं. दारं लागली. किल्ली चालू, बंद, चालू, बंद. चारी खटके पडले आणि गाडी विसरून मोकळी झाली. "आधी तुम्ही दाबा," लेक म्हणाली. "नको, तूच," म्हातारा म्हणाला. "दाबा हो कुणीतरी, बैठक मोडेल!" खटकाताई ओरडली, आणि दोघांनी घाबरून एकदमच दाबली. गाडी गोंधळली, काही बोलली नाही. पुन्हा सुरुवात करावी लागली. दुसऱ्या वेळी खटकाताईने शाळेतल्यासारखी एकेकाच्या नावाने बोट दाखवलं. एक खटका बापाचा पडला, एक लेकीचा.

"पण रोजचं काय?" लेक खटकाताईच्या मागोमाग बाहेर येऊन म्हणाली. "फाटकातून काढायची म्हणजे मागे कुणीतरी हवं. मी तर सकाळी कामावर जाते."

"चालत जातेस," म्हातारा म्हणाला.

"हो, मग?"

"मग काय? थाप मारून मागे राहणारा कंडक्टर कधी पाहिलास? गाडी बाहेर निघाली की तो आत चढतो."

लेक दुसऱ्या बाजूने जाऊन आत बसली. दुकानात परत जायला तिला तसाही उशीर झाला होता. म्हाताऱ्याने इंजिन सुरू केलं, पण गाडी जागची हलेना. तो समोर बघत, हात स्टिअरिंगवर ठेवून, शांत बसून राहिला.

"काय झालं, बाबा?"

"बेल?" म्हातारा म्हणाला.

लेकीने वर पाहिलं, खाली पाहिलं, वाजवण्यासारखं काही सापडेना. शेवटी तिने न दुखणाऱ्या हाताने डॅशबोर्डवर दोनदा टकटक केली, आणि गाडी निघाली.